दोष अडाणीपणाचा नव्हे, आडपडद्याचा

बंगळूरच्या सॉफ्टवेअर व्यवसायात एक मत इतके मुरले आहे की त्यावर वाद घालणारा विक्षिप्त ठरतो. मत असे : ज्याला तंत्रज्ञान जेमतेम कळते, त्याच्यासाठी सॉफ्टवेअर करायचे तर कमी दाखवावे. बटणे कमी करावीत, मजकूर गाळावा, अक्षरांच्या जागी चित्रे घालावीत, आतली घडामोड झाकून ठेवावी. एवढे करूनही तो चुकलाच, तर त्याला 'डिजिटल साक्षरते'च्या वर्गात बसवावे. मी येलहंका न्यू टाउनमध्ये राहतो, याच धंद्यावर पोट भरतो, आणि हे मत मला साफ नामंजूर आहे.

पूर्वपक्ष मात्र नीट मांडला पाहिजे, कारण तो मूर्खांचा नाही. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा येलहंक्याहून फार दूर नाही. जलहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये मतदान यंत्रे तयार होतात. त्यांच्या बाह्यरचनेत आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील प्राध्यापकांचा हात आहे. केरळातील परूरला १९८२ साली ५० केंद्रांवर हे यंत्र प्रथम वापरले गेले. नाव, चिन्ह, बटण, बस्स. आयुष्यात कधी संगणकाला हात न लावलेल्या कोट्यवधी माणसांनी ते बिनबोभाट वापरले. यावर पूर्वपक्ष विचारतो, की कमी दाखवण्याचा याहून मोठा विजय कोणता?

प्रश्न रास्त आहे. पण यंत्राकडे जरा जवळून पाहू. बटण दाबले की त्या नावाशेजारी तांबडा दिवा लागतो आणि एक लांबलचक शिट्टी वाजते. ती शिट्टी मतदाराइतकीच केंद्राध्यक्षाला आणि भिंतीकडेला बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींनाही ऐकू जाते. मत कोणाला गेले हे गुप्त, मत नोंदले गेले हे जाहीर. ही शिट्टी काढून टाका, यंत्र आणखी 'सोपे' होईल. मग ते कोणी वापरील काय? एवढ्यानेही लोकांचे समाधान झाले नाही. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मताची कागदी चिठ्ठी दाखवण्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने आणायला सांगितले, आणि २०१९च्या लोकसभा निवडणुकीत ती सर्वत्र आली. क्रमांक, नाव, चिन्ह, काचेआड सात सेकंद. म्हणजे तीन दशकांच्या अनुभवानंतर या यंत्रात भर पडली ती दाखवण्याचीच. ज्या साक्षीदाराला पूर्वपक्षाने बोलावले, तोच आमच्या बाजूने बोलतो आहे.

चित्रांचे प्रकरण असेच. निवडणूक चिन्ह चालते ते चित्र स्वयंस्पष्ट असते म्हणून नव्हे. विळा पाहून कोणी कापणीचा विचार करीत नाही; पक्षांनी भिंती रंगवून, सभा घेऊन ते चिन्ह ओळखीचे केलेले असते. शिवाय चिन्हाशेजारी नाव असतेच, ते कोणी पुसले नाही. मोबाइलच्या पडद्यावरच्या गिअरच्या चाकाला अशी ओळख कोणी करून दिली? मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरमधील प्रयोगशाळेत इंद्राणी मेधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्याच झोपडवस्त्यांतील घरकाम करणाऱ्या बायकांसाठी काम शोधून देणारी अक्षरविरहित रचना केली होती. पूर्वपक्ष हा अभ्यास नेहमी पुढे करतो. तो शेवटपर्यंत वाचत नाही, एवढेच. भांडी घासण्याचे चित्र काम म्हणून कळायला नळातून वाहते पाणी दाखवावे लागते, हे तर त्यात दिसलेच. पण मोठी अडचण चित्रांची नव्हतीच. संगणकात ही माहिती आली कुठून, ती कोणी भरली, आपण काही दाबले तर पुढे काय होईल, हेच त्या बायकांना उमगत नव्हते. अखेर हा सगळा व्यवहार कसा चालतो हे दाखवणारी एक छोटी चित्रफीत आधी दाखवावी लागली, आणि मग गाडी हलली. त्यांना कमी चित्रे नको होती. त्यांना सगळी हकीकत हवी होती.

आता पैशाकडे येऊ, कारण तिथे चुकीच्या मताची किंमत रुपयांत मोजता येते. यूपीआय २०१६ साली आले. त्यात पैसे पाठवता येत, तसे दुसऱ्याकडे मागताही येत. मागणीचा निरोप आला की मान्य करायचे आणि पिन टाकायचा. ठगांनी हीच वाट धरली. जुने कपाट विकायला काढलेल्या माणसाला ते फोन करीत : "तुमचे पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका." तो पिन टाकी आणि स्वतःचेच पैसे घालवून बसे. यावर आपण काय केले? वर्षानुवर्षे संदेश पाठवले, की पैसे घ्यायला पिन लागत नाही. बँकांनी सांगितले, पोलिसांनी सांगितले. लोक तरीही फसत राहिले आणि आपण कपाळाला हात लावून म्हणालो, काय ही जनता! पण क्षणभर त्या माणसाच्या जागी उभे राहा. बँकेत पैसे भरायला गेलो तरी सही, काढायला गेलो तरी सही. मग इथे येणाऱ्या पैशाला खूण लागत नसेल, हे त्याने कशावरून ओळखावे? पडदा इतका 'सुटसुटीत' केला होता की पैसा कोणत्या दिशेने चालला आहे, हीच गोष्ट त्यावर ठळक नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ती सोयच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने बंद केली. उपदेशाने जे वर्षानुवर्षे साधले नाही, ते रचनेतला एक दरवाजा बुजवल्यावर साधणार आहे, हे त्यांनीही मान्य केले म्हणायचे. नाचता येईना म्हणून अंगणाला नावे ठेवणाऱ्यांची आपण थट्टा करतो. इथे अंगण खरोखरच वाकडे होते.

याच यूपीआयची दुसरी बाजू येलहंक्याच्या संते सर्कलला पाहावी. संध्याकाळची गर्दी, भाजीवालीच्या दोन्ही हातांत कोथिंबीर, गिऱ्हाईक फोन नाचवीत हिरवी खूण दाखवते. भाजीवाली तिकडे पाहतही नाही. टोपलीमागची पेटी कन्नडमध्ये आकडा बोलते, मग जुडी पुढे सरकते. तिचे चूक आहे? बनावट खुणा दाखवून माल नेणारे कमी नाहीत. ती बोलकी पेटी म्हणजे खर्च, भाडे, चार्जिंग, वर आणखी एक वस्तू सांभाळणे. 'कमी करा' या सूत्राप्रमाणे ती जन्मालाच यायला नको होती. ती आली आणि गल्लोगल्ली पसरली, कारण मतदान यंत्राच्या शिट्टीचे काम ती करते : घडलेली गोष्ट, चारचौघांत, मोठ्याने.

पूर्वपक्षाचा शेवटचा बुरूज जरा अवघड आहे. ते म्हणतात, "खेड्यातला म्हातारा स्वतः ॲप वापरतच नाही. पुतण्या वापरतो. मग म्हाताऱ्याला काय दाखवायचे आहे?" वस्तुस्थिती बरोबर, निष्कर्ष उफराटा. दुसऱ्याच्या हातून काम होते तिथेच तर दाखवण्याची गरज सर्वांत मोठी. कर्नाटकाच्या 'भूमी' प्रकल्पाने हे पाव शतकापूर्वी ओळखले होते. सुमारे दोन कोटी हस्तलिखित उतारे संगणकावर आले आणि आपल्या सातबाऱ्याचा इथला भाऊबंद, म्हणजे 'पहणी', तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत मिळू लागला. कळफलक सरकारी माणसाकडे. शेतकऱ्याने त्याला बोटही लावायचे नाही. पण त्या खिडकीवर दोन पडदे ठेवले होते, आणि दुसऱ्याचे तोंड शेतकऱ्याकडे होते. सर्व्हे नंबर चुकला, बापाच्या नावात घोळ झाला, तर कागद छापायच्या आत बोट दाखवून थांबवता येई. 'भूमी'वर आक्षेप आहेत. बंगळूरच्या आसपासच्या जमिनी हेरणे बड्यांना त्यामुळे सोपे झाले, असे अभ्यासकांनी २००७ सालीच लिहिले. त्याचे समर्थन मी करणार नाही. दुसरा पडदाही बेळगावच्या मराठी शेतकऱ्याला कन्नडमध्येच दिसतो, तेव्हा चांगला शिकलेला माणूसही निरक्षर होऊन बसतो, हे वेगळे दुखणे. पण दाखवायचे कोणाला, या प्रश्नाचे 'भूमी'चे उत्तर अचूक होते : ज्याचा उतारा, त्याला.

महाराष्ट्रात याच वाटेने उशिरा का होईना जाणे झाले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली; तलाठ्याऐवजी शेतकऱ्याने स्वतः शिवारात उभे राहून फोटोसह पीक नोंदवायचे. गोंधळ झाला तेव्हा नेहमीचा सूर निघाला : शेतकऱ्याला जमत नाही, त्याला शिकवा. २०२२च्या दुसऱ्या आवृत्तीने मात्र वेगळे केले. ४८ तासांत एकदा आपली नोंद दुरुस्त करता येऊ लागली. फोटो गटापासून लांबून काढला तर ॲप तसे बजावू लागले. गावात कोणी कोणते पीक नोंदवले, ती यादी पाहता येऊ लागली. म्हणजे पुतण्याने सोयाबीनच्या जागी तूर टाकली, तर शेजारचा तरी सांगेल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, दुरुस्तीची मुभा दिली की लबाडी वाढेल. तलाठ्याच्या पेन्सिलीला ४८ तासांची मुदत कधी होती काय? उलट इथे मुदत आहे, आणि या दुसऱ्या आवृत्तीत १० टक्के नोंदींची तपासणी तलाठ्याकडे ठेवलेली होतीच. दुसरा, सगळे दाखवले की पडदा भरून जाईल. पण सगळे दाखवा असे कोण म्हणते? माझी मागणी तीन गोष्टींची आहे : काय झाले, कोणाच्या नावावर झाले, आणि ते कधीपर्यंत फिरवता येईल. एवढ्याने ज्याचा पडदा भरतो, त्याने आधी त्यावरचे जाहिरातींचे पट्टे आणि कर्जाची आमिषे काढावीत. 'कमी करा' हे सूत्र त्यांना कधी लावलेले मी अजून पाहिले नाही.