पक्का म्हणजे शिजलेला

'पक्का रंग' म्हणताना आपण चुलीची भाषा बोलत असतो. 'पक्का' आला संस्कृत 'पक्व'वरून, आणि पक्व म्हणजे शिजलेलं, पिकलेलं. भट्टीत भाजली ती पक्की वीट, उन्हात वाळवली ती कच्ची. लुगडं हातात घेऊन 'रंग पक्का आहे ना?' असं विचारणारी आजी मुळात विचारत होती, की रंग नीट शिजलाय ना. निळीचा अपवाद सोडला, तर रंगाऱ्यांच्या बाबतीत हा शब्द शतकानुशतकं अक्षरशः खरा होता. सुती कापडापुरता तो पूर्णपणे खोटा पडायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं.

शिजवण्याची ही परंपरा किती जुनी, याचा एक पुरावा मुंबईत तपासला गेला. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले कापडाचे धागे मिळाले होते. माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत गुलाटी आणि टर्नर यांनी ते तपासले आणि 1928 मध्ये ते कापसाचे असल्याचा निर्वाळा दिला. कापडावरचा रंग मंजिष्ठेच्या जातीचा निघाला. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी सुतावर लाल रंग टिकवून दाखवला होता.

मंजिष्ठेची मुळं नुसती पाण्यात टाकून सूत लाल होत नाही. आधी कापड हिरड्याच्या आणि तुरटीच्या पाण्यातून काढायचं. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम धाग्याला धरून बसतं आणि मुळातला रंग त्याला येऊन चिकटतो. मग पाणी हळूहळू तापवायचं. मध्य भारतात आल नावाच्या झाडाच्या मुळांनीही हेच काम होई. खरी परीक्षा आचेची. पाणी कोमट राहिलं तर रंग फिकट चढतो. खळखळा उकळलं तर मुळांतले तपकिरी रंग बाहेर येतात आणि लालीचा वीटकरी होतो. साधारण 60 ते 70 अंशांच्या मधली ती जागा होती, आणि रंगाऱ्याकडे तापमापक नव्हता. वाफ, बोट आणि पाण्याची कुजबुज यांवरून तो ती ओळखत असे. या कारागिरीला आपण 'पारंपरिक ज्ञान' असं ढोबळ नाव देऊन मोकळे होतो. माझ्या मते ते नेमकं, मोजून-मापून घेतलेलं ज्ञान होतं. मोजमाप फक्त आकड्यांत नव्हतं.

उष्णता नेमकं काय करते? दोन काचेचे पेले घ्या, एकात गार आणि एकात कढत पाणी, आणि दोन्हींत शाईचा एकेक थेंब सोडा. गार पाण्यात शाईचे धागे बराच वेळ लोंबत राहतात. कढत पाण्यात पाहता पाहता सगळं एकरंगी होतं. 20 अंशांवरचं पाणी 80 अंशांवर नेलं की त्याचा दाटपणा जवळपास एक तृतीयांशावर येतो, त्यामुळे रंगाचे रेणू त्यातून सहज पळतात. गार पाण्यात एकमेकांना चिकटून बसलेले रेणू सुटे होतात, आणि धाग्याच्या आत शिरायला त्यांना बळ मिळतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: पसरणं वेगळं, टिकणं वेगळं. जी उष्णता रंगाला धाग्यात ढकलते, तीच त्याला परत बाहेरही काढू शकते.

निळीने मात्र वेगळीच वाट धरली. नीळ पाण्यात विरघळतच नाही. ती कुंडात आंबवावी लागते, आणि आंबवणाऱ्या जिवाणूंना ऊब चालते, उकळी नाही. विरघळलेल्या पिवळट निळीत कापड बुडवून बाहेर काढलं की हवेतला प्राणवायू लागून ती धाग्यातच पुन्हा घट्ट होते, हिरवी होत होत निळी पडते. इथे रंग पक्का करते ती हवा. महाराष्ट्रात हे काम करणारी 'निराळी' नावाची जात होती. तिच्या नावातच नीळ आहे. बाटिकची कलाही निळीच्या उकळीशिवाय चढण्याच्या गुणावर उभी राहिली, कारण मेण लावलेलं कापड गरम पाण्यात घातलं तर नक्षीच वितळून जाईल.

1885 मध्ये काँगो रेड नावाचा रंग बाजारात आला. सुताला तुरटीशिवाय थेट लागणारा हा पहिला कृत्रिम रंग. त्याच्या भाऊबंदांच्या पुड्या पुढे घरोघरी पोचल्या: पातेल्यात पाणी, मूठभर मीठ, पुडी, आणि काठीने ढवळत आणलेली उकळी. रंग झकास चढे, पण तो धाग्याला फक्त बिलगलेला असे. उकळीत आला तसा गरम पाण्याच्या धुण्यात जाई. शिजवूनही कच्चा राहणारा रंग तो हाच.

दरम्यान गारव्याचा मार्गही शोधला जात होता. 1880 मध्ये इंग्लंडात हॉलिडे यांनी असा रंग काढला, जो कापडातच जन्म घेतो. कापड आधी नॅफ्थॉलमध्ये भिजवायचं, मग दुसऱ्या द्रावणात बुडवायचं. दोन्ही भेटले की लाल. ते दुसरं द्रावण उबेने नासतं, म्हणून बर्फ लागे. या रंगांना नावच पडलं बर्फाचे रंग.

आणि मग 1956. मँचेस्टरजवळच्या ब्लॅक्लीत आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रॅटी आणि स्टीफन यांना दोन वर्षांपूर्वी सापडलेले प्रोशन रंग त्या वर्षी विक्रीला आले. पर्किनच्या पहिल्या कृत्रिम जांभळ्या रंगाला त्याच वर्षी शंभर वर्षं होत होती. हे रंग धाग्याला बिलगत नाहीत, त्याच्याशी सहसंयुज बंधाने जोडले जातात; धागा आणि रंग मिळून एकच रेणू होतो. त्यासाठी हवं मीठ, धुण्याचा सोडा आणि साधं पाणी. रेणूच्या कड्यावर क्लोरीनचे दोन अणू असतील तर 30-40 अंश पुरतात. एकच असेल तर 80 च्या आसपास जावं लागतं. त्यावरून 'कोल्ड' आणि 'हॉट' ही नावं रूढ झाली. कोल्ड रंगाला जास्त तापवलं तर तो कापडाआधी पाण्याशीच जुळतो आणि वाया जातो. हजारो वर्षांची रीत इथे उलटी झाली: आच वाढवली तर रंग हलका येतो.

मला हा शोध मोठा वाटतो, कारण त्याने घरच्या बादलीतही टिकाऊ रंग आणून दिला. त्याची किंमतही आहे. न जुळलेला रंग आणि मीठ सांडपाण्यात जातं आणि ते साफ करणं सोपं नाही.

घरी कोल्ड रंगाने सुती कापड रंगवणार असाल, तर उकळीची घाई करू नका. काही तास साध्या पाण्यात राहू द्या, मग मीठ-सोडा निघेपर्यंत गार पाण्यात खळबळा, आणि शेवटी साबणाच्या कढत पाण्यातून काढा. न जुळलेला रंग तिथे सुटतो, आणि कापडावर उरतो तो पक्का.