एक तित्तर येणे बाकी

आमच्या घराण्यात एक शिकारी होऊन गेला, असं मी एकदा बँकेत सांगितलं तेव्हा आमच्या कॅशिअरने चक्क नोटा मोजायच्या थांबवल्या. "वाघ?" त्याने विचारलं. "तित्तर," मी म्हणालो. त्याने पुन्हा नोटा मोजायला घेतल्या. आणि मी मधे बोललो म्हणून, पहिल्यापासून.

चांद्याच्या माणसाची ही मोठीच पंचाईत आहे. ताडोब्याच्या शेजारी राहून वाघाच्या खाली बोलायची सोय नाही. ते ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता. म्हणजे उद्यान आधी आणि महाराष्ट्र मागून. गडचिरोलीही तेव्हा आमच्यातच. ती वाटणी झाली २६ ऑगस्ट १९८२ला.

माझे आबाजी मूलला शाळामास्तर होते. मालमत्ता म्हणजे एक सायकल आणि एक बारा बोअरची एकनळी बंदूक. कुत्रा नव्हता. "घरात नवं खाणारं तोंड दर दोन वर्षांनी येतंच आहे, आणखी एक कशाला?" हे आजीचं म्हणणं, आणि त्यावर आबाजींना बोलायला जागा नव्हती.

तशी पाखरांच्या शिकारीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. साहेब लोक तंबू, खानसामा आणि कुत्री घेऊन निघत. ॲलन ह्यूम यांनी तर मार्शलसाहेबांना जोडीला घेऊन हिंदुस्थानातल्या शिकारी पाखरांवर तीन खंड काढले, १८७९ ते १८८१. हेच ते १८८५ची काँग्रेस स्थापन करणारे ह्यूम. पुढे थिऑसॉफीच्या नादाने त्यांनी मांसाहारही सोडला आणि पाखरं मारणंही. दुसरीकडे आपला फासेपारधी. त्याला ना बंदूक लागे ना कुत्रा. पिंजऱ्यातला पाळलेला तित्तर ओरडला की रानातला भांडायला यायचा आणि भोवती मांडलेल्या फासात अडकायचा. भाऊबंदकीचा इतका थेट उपयोग मी फक्त कोर्टात पाहिला आहे.

आबाजी या दोघांच्या मधले. मध्यमवर्गीय. धान कापून झालं की सुटीच्या दिवशी पहाटे एकटेच निघायचे, बांध्यांच्या धुऱ्याधुऱ्याने.

आता तित्तर हा पक्षी उडण्यापेक्षा पळण्यात हुशार. चाहूल लागली की गवतातून पुढे सटकतो, नाहीतर दबून बसतो आणि तुम्हाला खुशाल पुढे जाऊ देतो. कुत्रा असला तर तो वासावर पाखरू हुडकतो, उठवतो, आणि पडलं की शोधून आणतो. या तिन्ही खात्यांचा कारभार आबाजी एकहाती पाहत. त्यांची युक्ती सोपी होती. दहा पावलं चालायचं आणि थांबायचं. चालणाऱ्या माणसाचं तित्तराला काही वाटत नाही, थांबलेल्याचं वाटतं. आपल्याला पाहिलं की काय, म्हणून तो धडधडत उठतो. (इन्स्पेक्शनला आलेला साहेब टेबलापाशी थांबला की आमचंही हेच होतं.) लावे मात्र पायाखाली येईपर्यंत हलत नाहीत आणि मग सगळे एकदम असे फुटतात की शिकाऱ्याचीच छाती बसायची वेळ येते.

१९६६च्या हिवाळ्यानंतर आबाजींनी बंदूक ठाण्यात जमा केली. कारण विचारलं की म्हणत, "डोळे गेले." हे सांगताना ते पंचांगातले बारीक अक्षर चष्म्याशिवाय वाचत असत, त्यामुळे कोणाचा विश्वास बसत नसे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कायदे हेच माझं ललित वाङ्मय. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून वाचला. त्यात तित्तर 'लहान शिकारी'त धरला होता आणि त्यासाठी वेगळा परवाना मिळत असे. १९९१च्या दुरुस्तीने ती परवान्यांची वाट बंद केली. मूळ कायद्याच्या कलम १७ने कुत्र्याच्या मदतीने शिकार करायला मनाई होती. अपवाद फक्त पाणपक्षी, चकोर, तित्तर आणि लावा! मला हसू आलं. सरकारने तित्तरासाठी कुत्र्याला खास सवलत दिली होती आणि आमच्या आजीने नाकारली होती.

मग आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत आबाजींची वही सापडली. रकाने आखलेली: तारीख, ठिकाण, काडतुसं खर्च, पाखरं जमा, शेरा. हिशेब इतका चोख की मी आमच्या शाखेत दाखवायला न्यावा. शेवटचं पान डिसेंबर १९६६चं. काडतूस खर्च एक. जमेच्या रकान्यात रेघ. शेऱ्यात लिहिलं होतं:

"सांजेला पडला. बोरीत शोधला, कंदील घेऊन शोधला. नाही. दुसरे दिवशी शाळेआधी शोधला. नाही. तिसरे दिवशी वर्गातला पोरगा म्हणाला, मास्तर, एक तित्तर पंख घासत चाल्ला होता. पुन्हा गेलो. नाही."

खाली 'एक तित्तर, येणे' असं लिहून त्यातलं 'येणे' खोडलेलं. वर दुसऱ्या शाईने 'देणे'.

कलम १७ मी परत वाचलं. ते लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे. पण या वेळी हसू आलं नाही. उठवायला माणूस पुरतो. पडलेलं शोधायला पुरत नाही.

येणे आणि देणे यांतला फरक मला वीस वर्षं पगार देतो आहे. ज्याचा पत्ता लागत नाही अशी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो आणि मार्चअखेर ती कशीबशी निकालात काढतो. आबाजींनी स्वतःसाठी तशी सोय ठेवली नव्हती.

मी आता रविवारी दुर्बीण घेऊन त्याच धुऱ्यांवरून जातो. बायकोचा कुत्र्याला विरोध आहे. परंपरा म्हणतात ती हीच. दहा पावलं चालतो, थांबतो. तित्तर उठतो, दूर बोरीपलीकडे धडपणे उतरतो, आणि मी त्याच वहीत तारीख टाकतो. जमेच्या रकान्यात काय लिहायचं, ते अजून ठरत नाही.