डोळ्यांची साक्ष आणि मनाची भर : बौद्ध प्रमाणशास्त्रातील भ्रमविचार

वैशाखाच्या भर दुपारी लाखनीहून साकोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर दृष्टी टाकली की काही अंतरावर डांबरी रस्ता ओला झालेला दिसतो. त्या पाण्यात समोरून येणाऱ्या मोटारीचे प्रतिबिंबही हालताना दिसते. जवळ जावे तो पाणी पुढे सरकते, आणि अखेरीस रस्ता कोरडाच असल्याचे प्रत्ययास येते. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यात खऱ्या पाण्याची वाण नाही. तरीही हे खोटे पाणी येथील प्रत्येकाने पाहिलेले आहे. प्रश्न असा की, या फसवणुकीत डोळ्याचा वाटा किती आणि मनाचा किती? वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या प्रश्नावर बौद्ध आचार्यांनी शतकानुशतके चिंतन केले. त्या चिंतनाचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

संयुत्तनिकायातील फेणपिण्डूपम सुत्तात तथागतांनी पाच स्कंधांना पाच उपमा दिल्या आहेत. रूपाला फेसाच्या गोळ्याची, वेदनेला बुडबुड्याची, संज्ञेला मृगजळाची, संस्कारांना केळीच्या खांबाची आणि विज्ञानाला जादूच्या खेळाची. यांतील मृगजळाची उपमा संज्ञेलाच का दिली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तापलेल्या रस्त्यालगतची हवा विरळ होते, वरची हवा त्या मानाने दाट राहते. त्यामुळे आकाशातून खाली येणारा प्रकाश वळून पुन्हा वर उचलला जातो आणि रस्त्याच्या जागी आकाशाचा तुकडा दिसू लागतो. छायाचित्रातही तो उमटतो. म्हणजे येथवर डोळ्याने काही खोटे सांगितलेले नाही. ‘हे पाणी आहे’ अशी खूणगाठ बांधणारी जी क्रिया, ती संज्ञेची होय. उपमा नेमक्या जागी बसली आहे.

परंतु या उपमांवरून ‘सारे जग भ्रम आहे’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले. तसा निष्कर्ष बौद्ध प्रमाणशास्त्राला मान्य नाही. पाचव्या-सहाव्या शतकातील आचार्य दिङ्नाग यांनी ‘प्रमाणसमुच्चय’ या ग्रंथात, नाम-जाती इत्यादींची कल्पना ज्यात मिसळलेली नाही ते ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष, अशी व्याख्या केली. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या धर्मकीर्तींनी तिच्यात ‘अभ्रान्त’ हे दुसरे पद जोडले. कल्पना नसली तरी खुद्द इंद्रियही चुकू शकते, हे त्यांनी ओळखले होते. ‘न्यायबिन्दु’ या लहानशा ग्रंथात त्यांनी अशा चुकीची चार कारणे सांगितली आहेत : तिमिर हा नेत्ररोग, शीघ्र भ्रमण, नौकेतील प्रवास आणि शरीरातील संक्षोभ.

आठव्या शतकातील टीकाकार धर्मोत्तर यांनी या चौघांची फोड फार मार्मिकपणे केली आहे. तिमिराचे कारण इंद्रियात असते. फिरणाऱ्या कोलिताचे कारण विषयात असते. कोलीत सावकाश फिरवले तर चक्र दिसत नाही, वेगाने फिरवले तरच दिसते. नावेतून जाणाऱ्याला काठावरची झाडे धावताना दिसतात, तेथे कारण पाहणाऱ्याच्या बाह्य आधारात असते. वात-पित्त-कफ बिघडल्याने पेटलेला खांब दिसतो, तेथे कारण देहाच्या आत असते. कारण कोठलेही असो, अखेरीस इंद्रियात विकार झाल्याशिवाय इंद्रियभ्रम होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पवनीच्या काठाने वैनगंगेत डोंग्यातून गेलेल्यास तिसरे उदाहरण समजावून सांगावे लागणार नाही. भंडारा रोड स्थानकात शेजारची गाडी हलली आणि आपलीच सुटली असे वाटले, तर तोही त्याच जातीचा भ्रम होय.

यांपैकी कोलिताच्या चक्रावरून, म्हणजे अलातचक्रावरून, मोठा वाद होता. एक पक्ष म्हणे, ठिणगीच्या एकेका जागेचे दर्शन वेगळे असते आणि स्मृती त्यांना जोडून चक्र बनवते. धर्मकीर्तींनी ‘प्रमाणवार्तिका’त हे नाकारले. चक्र डोळ्यांपुढे स्पष्ट झळकते. आठवणीत ती स्पष्टता नसते. म्हणून चक्र पाहण्यातच उत्पन्न होते, पाहिलेल्याच्या जोडणीतून नव्हे. पुढे १७६५ साली पॅरिसमध्ये दार्सी यांनी जळता निखारा यंत्राने फिरवून मोजमाप केले. एक फेरा सुमारे ०.१३ सेकंदात पुरा झाला की अखंड वर्तुळ दिसते, असे त्यांना आढळले. १८३२ साली प्लातो यांनी फिरत्या तबकडीवरील चित्रे हलती करून दाखविली, आणि याच मार्गाने पुढे चलच्चित्र जन्मास आले. दृष्टीच्या यंत्रणेतच गती घडते, स्मरणाची वाट ती पाहत नाही, हा धर्मकीर्तींचा मुद्दा या पार्श्वभूमीवर विशेष उठून दिसतो.

खोलीच्या भ्रमाचेही असेच. ‘महायानसूत्रालंकार’ या ग्रंथात विधिपूर्वक रंगविलेल्या चित्राचा दृष्टांत आहे : चित्रात उंचसखलपणा नसतो, तरी तो दिसतो. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, अजिंठ्याच्या भिंतींवर चित्रकारांनी हेच साधले. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे मुख सपाट लेपावर आहे. पण कडेच्या गडद छटा आणि नाकावरील उजळ रेषा यांमुळे ते भिंतीतून पुढे आल्यासारखे भासते. वर्णाविषयी आचार्यांचे ठरलेले उदाहरण पिवळ्या शंखाचे. काविळीच्या रोग्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, अशी त्या काळची समजूत होती. मात्र रंग फसण्यास रोग लागतोच असे नाही. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली, तेव्हा रसायनज्ञ शेव्हरल यांनी दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांत असल्याचे दाखविले व १८३९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. भंडारा जिल्ह्यातील कोसा विणणाऱ्या कारागिरासही हा अनुभव नवा नसावा.

एवढे भ्रम असताना डोळ्यावर विश्वास का ठेवावा? धर्मकीर्तींचे उत्तर असे की, ज्ञानाची कसोटी त्याच्या कार्यक्षमतेत आहे. पाण्याचे ज्ञान खरे असेल तर तहान भागते. मृगजळाने कोणाची तहान भागलेली नाही. जग नाकारण्याची गरज नाही, तपासण्याची आहे.

आता या चर्चेतील आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग येतो. धर्मकीर्तींनी इंद्रियाचा भ्रम आणि मनाचा भ्रम यांत स्पष्ट भेद केला. विकार झालेल्या डोळ्याला दोन चंद्र दिसतात. चंद्र एकच आहे हे पक्के ठाऊक असूनही दोन दिसायचे थांबत नाहीत. उलट दोरीच्या ठिकाणी झालेला साप दोरी नीट पाहताच नाहीसा होतो. पहिला भ्रम ज्ञानाने हटत नाही, दुसरा हटतो.

मग जातीचा उच्चनीच भाव यांपैकी कोणत्या वर्गात बसतो? वासेट्ठ सुत्तात तथागतांनी याचे उत्तर आधीच दिले आहे. गवत, वृक्ष, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जन्मजात वेगळेपणाची चिन्हे दिसतात. माणसामाणसांत केस, डोळे, कान, हात, पाय यांत तसे कोणतेही चिन्ह नाही. मृगजळात निदान प्रकाश तरी वळलेला असतो. जातीच्या बाबतीत डोळ्याला दिसतो तो केवळ माणूस. बाकी सारी मनाची भर. धर्मकीर्तींनीही जातीच्या गर्वाची गणना बुद्धी नष्ट झाल्याच्या पाच लक्षणांत केली, ती उगाच नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या ग्रंथात सांगितले की, जात ही विटांची भिंत नाही; ती एक कल्पना, मनाची एक अवस्था आहे. दोघांच्या काळात तेराशे वर्षांचे अंतर आहे, निदान मात्र एकाच दिशेचे आहे. आणि त्यातूनच आशेला जागा मिळते. जात हा डोळ्याचा रोग असता तर कितीही ज्ञानाने तो हटला नसता. ती मनाची कल्पना असल्यामुळे तिचा निरास शक्य आहे. अर्थात दोरी पाहावयाची इच्छाच नसणाऱ्याचा साप मरत नाही, आणि मनातील या कल्पनेने पाणवठे व दारे खरोखरच बंद केली होती, हेही विसरून चालणार नाही.

ही विद्या भारतात जवळजवळ लुप्त झाली होती. धर्मोत्तरांची टीका खंभात येथील जैन ग्रंथभांडारातील ताडपत्रांवर सापडून १८८९ साली छापली गेली. ‘प्रमाणवार्तिका’च्या संस्कृत पोथ्या राहुल सांकृत्यायन यांनी १९३० नंतरच्या दशकात तिबेटच्या मठांतून मिळविल्या. एवढ्या सायासाने परत आलेला हा वारसा केवळ पंडितांपुरता राहू नये. विहारांतील बालवर्गांत अंधार करून एक पेटती उदबत्ती प्रथम सावकाश, मग वेगाने फिरवून दाखवावी, आणि मुलांना विचारावे : चक्र कोठे आहे? त्यानंतर दुसरा प्रश्न विचारावा : आपल्यापैकी कोणाची जात डोळ्यांना दिसते? पहिल्या प्रश्नावर मुले बराच वेळ वाद घालतील. दुसऱ्याचे उत्तर त्यांना लगेच देता येईल.