लघुतम साधारण विभाज्य (लसावि)

दोन धन पूर्णांकांनी निःशेष भाग जाईल अशा धन संख्या असंख्य असतात. त्यांतली सर्वांत लहान ती त्या दोहोंचा लसावि. २४ आणि ३६ यांचा लसावि ७२. नावातल्या ‘लघुतम’ शब्दाने विद्यार्थी हमखास फसतात. लसावि दिलेल्या मोठ्या संख्येहून लहान कधीच नसतो. मसावि (महत्तम साधारण विभाजक) मात्र लहान संख्येहून मोठा होत नाही.

अपूर्णांकांची बेरीज करताना लसाविची गरज पहिल्यांदा भासते. ५/२४ आणि ७/३६ यांचे छेद नुसते गुणले तर छेद ८६४ होतो आणि उत्तराला पुन्हा संक्षिप्त रूप द्यावे लागते. छेद ७२ घेतला की १५/७२ + १४/७२ = २९/७२, काम संपले. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त समच्छेदासाठी हीच रीत सांगितली. लसाविला त्यांनी ‘निरुद्ध’ म्हटले आहे.

शाळेत मूळ अवयव पाडून लसावि काढतात. ६० = २² × ३ × ५ आणि ८४ = २² × ३ × ७. प्रत्येक मूळ संख्येचा मोठा घात घ्यायचा: २² × ३ × ५ × ७ = ४२०. संख्या लहान असतील तोवर ही रीत उत्तम. पण ३९१ आणि ४९३ समोर आल्या की अवयव चटकन दिसत नाहीत. तिथे युक्लिडची भागाकाराची रीत कामी येते. ४९३ ला ३९१ ने भागून बाकी १०२. ३९१ ला १०२ ने भागून ८५. १०२ ला ८५ ने भागून १७. आणि १७ ने ८५ ला निःशेष भाग जातो. म्हणून मसावि १७. दोन संख्यांचा गुणाकार हा त्यांच्या लसावि आणि मसावि यांच्या गुणाकाराएवढाच असतो. कारण सामाईक भाग गुणाकारात दोनदा येतो, लसाविला तो एकदाच पुरतो. तेव्हा ३९१ ÷ १७ = २३ आणि २३ × ४९३ = ११३३९. अवयवांची शोधाशोध न करता उत्तर हाती देणारी ही रीत शाळेत जास्त ठळकपणे शिकवायला हवी. संगणकासाठी आज्ञावली लिहितानाही आधी भागावे, मग गुणावे. नाहीतर मधला गुणाकार नेमून दिलेल्या जागेत मावत नाही. तीन संख्यांना मात्र हे सूत्र जसेच्या तसे लावू नये: २, ४, ६ यांचा गुणाकार ४८ आहे, तर लसावि १२ आणि मसावि २ यांचा २४.

मेसोअमेरिकेतील माया लोकांच्या दोन दिनदर्शिका २६० आणि ३६५ दिवसांच्या होत्या. मसावि ५, म्हणून तीच दिवसजोडी १८,९८० दिवसांनी, म्हणजे ३६५ दिवसांच्या ५२ वर्षांनी, परत येई.

सहमूळ संख्यांचा, म्हणजे मसावि १ असलेल्या संख्यांचा, लसावि म्हणजे त्यांचा गुणाकारच. दातेरी चाकांत याचा उपयोग होतो. २० आणि ४० दात असतील तर लहान चाकाचा प्रत्येक दात त्याच दोन दातांवर घासत राहतो. २० आणि ४१ घेतले तर तीच जोडी पुन्हा भेटायला ८२० दात सरकावे लागतात आणि झीज सगळ्या दातांत वाटली जाते.