सराट्याचं बेट

होडी लाटेवर वर चढेल त्या क्षणी उडी मारायची, एवढंच तुम्हाला सांगितलेलं आहे. समोर उभा कडा आणि त्याच्या पायथ्याशी पायपुसण्याएवढी सपाट जागा. लाट होडीला उचलते, तुम्ही झेप घेता आणि ओला खडक दोन्ही हातांनी धरता. मागून पाण्याचे कॅन एकेक करून वर येतात. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही. प्याल तो प्रत्येक घोट सोबत आणलेला.

हे डॅफ्ने मेजर. इक्वाडोरच्या गालापागोस द्वीपसमूहातलं, ज्वालामुखीतून घडलेलं, जेमतेम ३४ हेक्टरांचं बेट. तुम्ही आला आहात १९७६ च्या मार्चमध्ये. चार्ल्स डार्विनला घेऊन 'बीगल' जहाज या समुद्रात शिरलं, त्याला एकशेचाळीस वर्षं झाली.

चढणीवर सगळीकडे हिरवं आहे. यंदा पाऊस चांगला झाला, सुमारे १३० मिलिमीटर. कोकणात ऐन आषाढात एखाद्या दिवशी कोसळतो तेवढा इथे अख्ख्या हंगामात पडतो आणि त्यात हे बेट सुखावतं.

जरा पायाशी बघा. जमिनीलगत पसरलेली ही मांसल पानं ओळखीची वाटतात ना? ही घोळ आहे. आपल्या बाजारात जिची जुडी मिळते, तिची चुलत बहीण. आणि पिवळ्या फुलांचा तो पसारा म्हणजे सराटा. गावी बांधावरून अनवाणी चालताना टाचेत रुततो, तसाच. जात वेगळी, कूळ एकच. या दोघांना नीट ओळखून ठेवा. घोळीचं बी मोहरीहून बारीक, सहज फुटणारं. सराट्याचं बी लाकडासारख्या टणक, काटेरी कवचात बंद.

फिंच पक्षी तुम्हाला भीत नाहीत. चिमणीएवढा एक नर, कोळशासारखा काळा, तुमच्या टोपीवर येऊन बसतो. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य १९७३ पासून इथे येतं आहे. ते आणि त्यांचे विद्यार्थी बारीक जाळ्यात पक्षी धरतात, पायात रंगीत कड्या घालतात, मोजमाप घेतात आणि सोडून देतात. बेटावरचे कितीतरी फिंच त्यांच्या वहीत आहेत.

तुमच्याही मुठीत एक पक्षी येतो. ऊब जाणवते, छातीची धडधड बोटांना कळते. कॅलिपरच्या जबड्यात चोच बुडाशी धरा आणि जाडी वाचा: साधारण नऊ मिलिमीटर. पुढच्याची साडेनऊ, त्यानंतरच्याची दहा. एवढ्याशा फरकाचं काय, असं मनात येतं. आज खरंच काही नाही. आज सगळ्यांना घोळीचं बी पुरून उरतं आहे.

आता एक वर्ष पुढे चला.

१९७७. जानेवारीत ढग येतात, चार थेंब टाकतात आणि निघून जातात. फेब्रुवारी कोरडा, मार्च कोरडा. अख्ख्या हंगामात २४ मिलिमीटर. झुडपांवर पान नाही, पायाखाली राखेसारखी धूळ. फिंचांनी या वर्षी पिल्लंच काढली नाहीत. गेल्या वर्षीच्या बियांवर दिवस ढकलायचे आहेत आणि मऊ, बारीक बी आधी संपत चाललं आहे.

तुमच्यापासून हातभर अंतरावर दोन पक्षी दगड उलटून बी शोधताहेत. पहिल्याला सराटा सापडतो. तो चोचीत धरतो, फिरवतो, दाबतो. पुन्हा फिरवतो. मग टाकून देतो. दुसरा तोच सराटा उचलतो, एक कोपरा चोचीत पकडून पिरगळतो आणि 'कट' असा आवाज होतो. आतलं बी तो जिभेने ओढून घेतो. दोघांच्या चोचींत फरक केवढा? अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

तुमच्या तंबूत तांदळाचा डबा आहे. अंगणात चिमण्यांना दाणे टाकणाऱ्या घरातून आलेला तुमचा हात आपोआप डब्याकडे जातो. थांबा. इथे जे घडतं आहे ते तसंच घडू द्यायचं, हा इथला कठोर नियम आहे. हात मागे घेणं सोपं नाही.

महिने सरतात. दगडांच्या फटींत वाळलेली, कापसासारखी हलकी शरीरं सापडू लागतात. पायात रंगीत कडी, म्हणजे वहीत नाव नसलं तरी मोजमाप आहे. तुम्ही पान उलटता, त्या ओळीवर खूण करता. माद्या नरांपेक्षा अंगाने थोड्या लहान असतात. त्या जास्त गेल्या.

१९७८ च्या सुरुवातीला अखेर पाऊस येतो. शिरगणती होते. बेटावरच्या या मध्यम चोचीच्या फिंचांपैकी शंभरातले जेमतेम पंधरा उरले आहेत. त्यांच्या चोची मोजा. सरासरी जाडी दुष्काळाआधीपेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरते.

इथे घाई करू नका, कारण चूक होते ती इथेच. आपण सहज म्हणतो, पक्ष्यांनी परिस्थितीशी जुळवून घेतलं. पण वही पुन्हा चाळा. एकाही पक्ष्याची चोच दुष्काळात जाड झालेली नाही. जो नऊचा होता, तो नऊचाच मेला. सराटा फोडायची गरज त्या प्रत्येकाला होती, धडपडही प्रत्येकाने केली. गरजेने चोच वाढत नाही. जुळवून घेतलं ते थव्याने, आणि त्याची किंमत मेलेल्यांनी मोजली.

ही झाली निवड. उत्क्रांती अजून एक पाऊल पुढे आहे आणि ती घरट्यात दिसते. निवडुंगाच्या काट्यांमध्ये घुमटासारखं घरटं आहे, त्यात पिल्लं आहेत. ती वाढू द्या, मग त्यांच्या चोची मोजा. आईबापांसारखीच त्यांचीही चोच जाड आहे. दुष्काळाआधीच्या पिढीपेक्षा सुमारे चार टक्के. हे बदल इतके संथ असतात की होताना दिसणारच नाहीत, अशी डार्विनची समजूत होती. तुम्ही ते दोन वर्षांत पाहिलंत.

म्हणजे जाड चोच श्रेष्ठ ठरली? १९८३ मध्ये उतरा. एल निनोमुळे पाऊस थांबतच नाही. तेराशे मिलिमीटरच्या वर. वेलींनी बेट गिळलं आहे, सराटा त्यांच्याखाली गुदमरला आहे. जमिनीवर पसरलं आहे ते बारीक बी. पुढच्या कोरड्या वर्षांत, १९८५ च्या आसपास, पारडं फिरतं. या वेळी मोठ्या अंगाचे, मोठ्या चोचीचे पक्षी मागे पडतात आणि लहान चोचीचे तगतात.

आणखी वीस वर्षं पुढे, २००४ आणि २००५. पुन्हा दुष्काळ. पण आता बेटावर दुसऱ्या जातीचा, मध्यम फिंचांहून थोराड चोचीचा फिंच वस्तीला आला आहे आणि सराटा तो झपाट्याने फस्त करतो. त्यामुळे १९७७ मध्ये ज्या जाड चोचीने जीव वाचवला, तीच आता घातक ठरते. मध्यम फिंचांची सरासरी चोच लहान होते. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या दुष्काळात वाचलेल्यांचे आणि मेलेल्यांचे जनुक ताडून पाहिले. 'एचएमजीए-२' नावाच्या जनुकाचं कोणतं रूप वाट्याला आलं होतं, याचा त्या जगण्या-मरण्याशी ठळक संबंध निघाला.

आता परत या. नान्नजजवळच्या सोलापुरी माळावर, संध्याकाळच्या उन्हात. इथे माळढोक आता क्वचितच नजरेस पडतो. आपण संख्या कमी झाली म्हणून हळहळतो, ते योग्यच आहे. पण डॅफ्नेवरून आलेल्या माणसाला आणखी काही दिसतं. पक्षी कमी होतात तेव्हा त्यांच्यातले लहानसहान फरकही कमी होतात. उद्याचं संकट कोणतं, ते कोणालाच ठाऊक नसतं. निसर्ग नवं काही मागवून घेत नाही. जे हजर आहेत त्यांच्यातूनच निवडतो. १९७६ च्या त्या हिरव्या मार्चमध्ये अर्धा मिलिमीटर निरर्थक होता. तो तिथे आधीपासून होता, म्हणून पुढे थवा उरला.

चपलेच्या तळव्यात काहीतरी टोचतं. वाकून काढता: सराटा. नखाने फोडून बघा. कवच दाद देत नाही. तुम्ही तो टाकून देता, त्या पहिल्या पक्ष्याने टाकला होता तसाच.