पोलिश स्थलांतरितांचा वंशशोध : सरकारी दप्तर आणि चर्चच्या वह्या

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या पोलिश कुटुंबांचे वंशज आपल्या पूर्वजांचा शोध घेऊ लागले, की पहिल्याच पायरीवर ते अडखळतात. पणजोबा घरी पोलिश बोलत, प्रार्थना पोलिशमध्ये करीत. परंतु खानेसुमारीच्या कागदावर त्यांचा जन्मदेश कधी रशिया, कधी जर्मनी, तर कधी ऑस्ट्रिया असा आढळतो. हा लेखनिकाचा प्रमाद नव्हे. १७७२, १७९३ व १७९५ या तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड गिळंकृत केला, आणि १९१८ पर्यंत सार्वभौम पोलिश राज्य अस्तित्वातच नव्हते. ज्या देशाला राज्य नाही, त्याच्या माणसांचा इतिहास कोणत्या दप्तरात शोधावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशी वंशावळकारांचा नाही. तो इतिहासाच्या अभ्यासकाचाही आहे.

या शोधाची किल्ली म्हणजे गावाचे नाव. देश बदलले, सरहद्दी सरकल्या. गाव मात्र जागेवर राहिले. अमेरिकेतील जुन्या कागदांत नेमके तेच दुर्मीळ असते. १९०६ पूर्वीचे नागरिकत्वाचे कागद बहुधा ज्या सम्राटाची प्रजा होती त्याचे नाव सांगून थांबतात. त्या वर्षीच्या कायद्याने अर्जाचा नमुना देशभर एक झाला, आणि जन्मस्थळ, जन्मतारीख, जहाजाचे नाव असा तपशील त्यात येऊ लागला. जहाजांच्या उतारूयाद्यांतही १९०७ च्या सुमारापासून जन्मगाव व मायदेशातील जवळच्या नातलगाचे नाव नोंदले जाऊ लागले. हॅम्बुर्गहून निघालेल्यांच्या १८५० पासूनच्या याद्या पुष्कळशा टिकल्या. ब्रेमेनच्या बहुतांश नष्ट झाल्या. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी आडनावे बदलली, ही घरोघर सांगितली जाणारी कथाही कागदांपुढे टिकत नाही. याद्या प्रवास सुरू होतानाच तयार होत. बेटावर त्या केवळ पडताळल्या जात. नावे बदलली ती पुढे, कारखान्यात, शाळेत आणि पुष्कळदा स्वेच्छेने.

सरकारी कागद जेथे मूक होतो, तेथे चर्चची वही बोलू लागते. टेक्सासमधील पान्ना मारिया ही वसाहत १८५४ ची. शिकागोतील संत स्तानिस्लाव कोस्तका यांच्या नावाची पॅरिश १८६७ ची. अशा ठिकाणचे धर्मगुरू स्वतः पोलिश असल्यामुळे गावांची नावे त्यांच्या कानांना परकी नव्हती. परभाषी कारकुनाने ऐकीव उच्चारावरून विद्रूप केलेले आडनाव येथे शुद्ध स्वरूपात भेटते, आणि विवाहाच्या नोंदीत वधूवरांचे मूळ गावही कित्येकदा सापडते.

गाव सापडले, की शोध पोलंडमधील वह्यांकडे वळतो. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घातला; परंतु पुढे तीन राजवटींनी या नोंदींना तीन वळणे दिली. ऑस्ट्रियाच्या गॅलिशियात त्या लॅटिन भाषेत, रकाने आखून लिहिलेल्या असून त्यांत घरक्रमांकही असतो. प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून स्वतंत्र सरकारी नोंदणी कचेऱ्या आल्या व त्यांची भाषा जर्मन राहिली. रशियाच्या अमलाखालील पोलंडच्या राज्यात चर्चचीच वही सरकारी नोंदवही होती. १८०८ पासून रूढ झालेल्या फ्रेंच पद्धतीनुसार तेथील नोंद सलग गद्यात असे; १८६८ पर्यंत ती पोलिशमध्ये, त्यानंतर रशियनमध्ये. या रशियन नोंदींवर जुन्या व नव्या पंचांगाच्या दोन तारखा असतात. एकोणिसाव्या शतकात त्यांत बारा दिवसांचे अंतर पडते. १८२५ पर्यंत ज्यू कुटुंबांच्या नोंदीही याच वह्यांत सापडतात, कारण धर्मगुरू तेथे शासनाचा नोंदणी-अधिकारी म्हणूनही काम करीत असे.

या नोंदींत बापाचे वय, व्यवसाय, दोन साक्षीदार हे सारे असते. शेवटी पुष्कळदा एक ठरीव वाक्य येते : नोंद वाचून दाखविली, हजर असलेल्यांना लिहिता येत नसल्यामुळे धर्मगुरूनेच सही केली. ज्यांनी स्वहस्ते एक अक्षर लिहिले नाही, अशा कुळांचा इतिहास या वाक्याच्या आधाराने उभा आहे.

सावधगिरी मात्र हवी. दोंब्रोवा या नावाची गावे पोलंडमध्ये अनेक आहेत. केवळ नामसादृश्यावर विसंबणारा परक्याचे पूर्वज आपल्या घरी आणतो. १८८० ते १९०२ या काळात वॉर्सात प्रसिद्ध झालेला पंधरा खंडांचा भौगोलिक कोश गावाची पॅरिश सांगतो, म्हणून तो हाताशी असावा. भावाचे आडनाव ‘स्की’ने व बहिणीचे ‘स्का’ने संपते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

आपल्या भागाशी या विषयाचा संबंध अगदीच दूरचा नाही. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्यांपैकी सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांतील काहींची थडगी कोल्हापुरातच आहेत. ज्या प्रदेशातून ते आले, तो आता मुख्यतः युक्रेन, बेलारूस व लिथुआनिया यांत मोडतो. त्यांच्या नातवंडांनाही देशाच्या नावापासून नव्हे, गावाच्या नावापासूनच आरंभ करावा लागतो. सरकारी दप्तर माणूस कोणाची प्रजा होता ते सांगते. गावच्या चर्चची वही तो कोणाचा मुलगा होता ते सांगते. इतिहासाला दोन्ही साक्षी हव्यात; पण पहिलीलाच उत्तर मानले, तर एक अख्खे राष्ट्र कागदावरून पुन्हा एकदा पुसले जाईल.