तोळाभर कस्तुरीचा हिशेब

ईद जवळ आली, की जालन्याच्या बाजारात अत्तराच्या कुप्या मांडल्या जातात आणि कुणीतरी मला हमखास विचारतो, "शायरसाहेब, हे एवढं महागाचं अत्तर खरंच तेवढ्या किमतीचं असतं का हो?" कवीला वासातले कळते, असा लोकांचा समज असतो. पण मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर नाकापेक्षा इतिहासात लवकर सापडते.

सुगंधाच्या किमती लिहून ठेवणाऱ्या एका माणसाचे नाते आपल्या जालन्याशी आहे. अकबराचा इतिहासकार अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला होता, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. १५९९ साली तो दख्खनेत आला. त्यापूर्वीच त्याची 'आईन-इ-अकबरी' लिहून झाली होती. बादशहाच्या खुशबूखान्याचे दर तिच्यात दिले आहेत. कस्तुरी तोळ्याला १ ते साडेचार रुपये, उत्तम अंबर तोळ्याला १ ते ३ मोहरा. चंदन मात्र मणाला ३२ ते ५५ रुपये.

याच ग्रंथात मजुरीचेही दर आहेत. अगदी साध्या मजुराला दिवसाला २ दाम मिळत. ४० दामांचा एक रुपया. म्हणजे साडेचार रुपयांची तोळाभर कस्तुरी ही त्या मजुराची ९० दिवसांची कमाई झाली. गहू मणाला १२ दाम होता. त्या हिशेबाने एका तोळ्यात १५ मण गहू आला असता. आणि मोहरेचे ९ रुपये धरले, तर स्वस्तातल्या स्वस्त उत्तम अंबराच्या तोळ्यासाठी १८० दिवस राबावे लागले असते. अबुल फजलने हे दोन्ही दर लिहिले, पण शेजारी ठेवले नाहीत. ते काम वाचणाऱ्याचे.

कस्तुरी मिळवायला हिमालयातला मृग मारावा लागे. अंबर देवमाशाच्या पोटातून येते आणि समुद्रकिनारी नशिबानेच सापडते. तिथे पैसा मोजला जाई तो दुर्मीळपणासाठी.

गुलाबाची गोष्ट निराळी. ज्या शाहजादा सलीमच्या इशाऱ्यावरून १६०२ मध्ये अबुल फजलचा खून झाला, तोच पुढे बादशहा जहांगीर झाला. नूरजहाँची आई अस्मत बेगम हिने गरम गुलाबपाण्यावर तरंगणारा तवंग गोळा केला आणि गुलाबाचे अत्तर निघाले, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. खूश होऊन त्याने तिला मोत्यांची माळ दिली. सलीमा सुलतान बेगमने अत्तराला नाव दिले 'इत्र-ए-जहांगिरी'. शोध सासूचा, नाव जावयाचे!

एक किलो गुलाबतेलाला सुमारे साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. तोळ्याला चाळीसेक किलो. ऊन चढण्याआधी एकेक फूल खुडणारी बोटे या हिशेबात धरली, म्हणजे अस्सल अत्तराचा भाव तितकासा खुपत नाही.

पुढे किमतीलाच वास येऊ लागला. १९३० मध्ये फ्रान्सच्या जाँ पातू यांनी 'जॉय' बाजारात आणले आणि त्याची जाहिरात केली 'जगातले सर्वांत महाग सुगंधी द्रव्य' अशी. जग मंदीत होरपळत असताना महागपणा हाच गुण म्हणून विकला गेला. तेव्हापासून बाटली, डबी, नाव आणि जाहिरात यांचे पैसेही आपण नाकाने मोजत आलो आहोत.

म्हणून मी विचारणाऱ्याला सांगतो, किमतीतले किती पैसे फुलाला गेले आणि किती काचेला, एवढे पाहा. पूर्वी अत्तर चंदनाच्या तेलात उतरवत. चंदन महागले, तसा अनेक ठिकाणी पॅराफिनचा आधार आला. कुपी उघडताच येणाऱ्या पहिल्या झुळकीवर भाळू नका. मनगटावर थेंब लावा, बाजारात तासभर फिरा, मग हुंगा.

आणि आणखी एक. हळदीकुंकू असो, मैफल असो की लग्न, आपल्याकडे यजमान पाहुण्याच्या हाताला अत्तर लावतो. तोळाभर अत्तर शंभर हातांवर जाते. त्या मजुराचे ९० दिवस बादशहाच्या एकट्या दालनात विरून गेले. लग्नात लावलेला थेंब मात्र वऱ्हाडासोबत भोकरदन, परतूर, अंबडच्या एसटीत बसून गावोगाव जातो. तेवढ्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नसते.